डाव्या चाकाची चकती

जोतिबाच्या पायाची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या मिश्रीच्या डबीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी जन्मभर थापा मारल्या, ते काही मी नाकबूल करत नाही. आमच्या विहिरीतलं कासव हाकेला ओ देतं म्हणून सांगून आळीतली सगळी पोरं मी दुपारभर काठावर बसवून ठेवली होती. पण ही थाप नव्हे. पापडाच्या जागी तुम्ही हसाल. हसा खुशाल. पापडसुद्धा खरा आहे.

तर आमचा दस्तगीर मिस्त्री पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. चाक काढून भिंतीला टेकवलेलं. माझी सून शालन पदर खोचून त्याच्या डोक्यावर उभी आणि मी गॅरेजातल्या एकुलत्या एक खुर्चीवर.

"वहिनी, बोट फिरवा हितं," दस्तगीर म्हणाला.

शालननं चाकामागच्या लोखंडी चकतीवर बोट फिरवलं. ब्रेक दाबला की त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो आणि गाडी थांबते, एवढं मला तोवर पाठ झालं होतं.

"खरबरीत लागतंय," ती म्हणाली.

"कडेला ओठ आलाय बघा. आतनं खाऊन खाऊन पातळ झाली. आता उजवीकडं या." उजवं चाकही त्यानं काढून ठेवलं होतं. "फिरवा बोट."

उजवी चकती आरशासारखी. वापरलीच नाही म्हणावी अशी.

"गाडी कधीची?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. गाडीच्या पूजेला पेढा खाऊन गेला होता.

"अजून वर्ष न्हाई झालं," शालन म्हणाली.

"एवढ्यात डावी चकती संपली. मागच्या वेळी चिमटा सोडवून साफ केला. ग्रीस भरलं. पॅड नवे घातले. पुन्हा तेच. डावी झिजती, उजवी न्हाई."

"मी चुकीचा ब्रेक मारते?"

"वहिनी, पेडल एक, तेल एक. दोन्ही चाकांना सारखंच जातं. तुम्ही ठरवून म्हटलं तरी नुसतं डावं चाक दाबता यायचं न्हाई."

"मग कोण दाबतंय रे?" मी मजेनं विचारलं.

दस्तगीर एरवी माझ्या प्रत्येक बोलण्याला हसतो. त्या दिवशी तो हात पुसत राहिला आणि शालन बाहेर रस्त्याकडे बघत राहिली.

गाडी कशी आली ते सांगायला हवं. माझा लेक सर्जेराव जुन्या टेंपोतनं भाजी घेऊन घाटाखाली कोकणातल्या आठवडी बाजाराला जायचा. शालनही बरोबर असायची. भाजी ती विकायची, कारण सर्जा भाव कमी करायला सांगणाऱ्याला भाजी फुकट देऊन मोकळा व्हायचा. टेंपो चालवायलासुद्धा त्यानंच तिला शिकवलं. नवी पिकअप दोघांनी मिळून बुक केली. शोरूममध्ये तो एकदाच गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, आणि मला म्हणाला, "आई, पहिल्या खेपेला हिला पाणी दाखवायचं."

आमच्या घाटातली ही रीत. निम्मा घाट उतरला की एक मोठं वळण येतं, तिथं डाव्या हाताला कातळातनं झरा येतो. कुणीतरी पत्र्याची पन्हळ लावलीय. नवी गाडी पहिल्यांदा घाट उतरते तेव्हा तिथं थांबवायची, चारी चाकं त्या पाण्यानं धुवायची आणि ड्रायव्हरनं पाणी पिऊन मग पुढं जायचं. सर्जा तर दर खेपेलाच थांबायचा. ब्रेक निवतात, म्हणायचा. हौद्यातला एक मुळा उपसायचा, पन्हळीखाली धुवायचा, पाला खुडून बाजूला ठेवायचा. मुळा खाऊन वर पेलाभर पाणी. पाणी पिऊन झालं की पेला पालथा घालणार. घरातही तसंच. लहानपणापासूनची खोड.

गाडी घरी आली तेव्हा सर्जा नव्हता. त्याआधीच एके दिवशी अंगणात जुन्या टेंपोत क्रेट भरत होता, भिंतीला टेकून बसला, आणि तिथंच गेला. डॉक्टर म्हणाले छाती. मी शेतात होते. शालन घरात होती.

सगळ्यांना वाटलं आता गाडी परत जाणार. शालन म्हणाली, "मी चालवणार." आणि चालवली. घाटात बाई पिकअप उतरवते म्हणून समोरचे ट्रकवाले काच खाली करून बघायचे. मी शेजारी बसायचे, सर्जाची पोरगी शाळेत जायची. आमचं तिघींचं चांगलं चाललं होतं. एवढंच, की शालन पन्हळीपाशी कधी थांबली नाही. पहिल्या खेपेलाही नाही. मी "पाणी दाखवायचं राहिलं" म्हटलं तर तिनं गिअर बदलला आणि वळण मागं टाकलं.

त्यानंतर गाडी ओढायला लागली.

दुसरीकडं कुठं नाही, त्या एकाच वळणावर. गाडी डावीकडं जायची, पन्हळीच्या बाजूला, जसं बैल ओळखीच्या गोठ्याकडं मान वळवतो. शालन दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरायची. वळण गेलं की सरळ. मग खाली नाक्यावर उतरावं तर डाव्या चाकातनं धूर. उजव्याला हात लावा, गार.

एकदा माझ्या पिशवीत विकायला नेलेले नाचणीचे पापड होते. मी एक नाक्यावरच्या चहावाल्याच्या चिमट्यात धरला आणि चाकाच्या भोकातनं त्या डाव्या चकतीला टेकवला. फुलला. अर्धा चहावाल्याला दिला. तो खाऊन म्हणाला, "आजी, मीठ जरा कमी पडलंय."

गाडी जिथनं घेतली तिथल्या सर्व्हिसिंगवाल्यांना दाखवली. टाय घातलेला पोरगा आला, गाडीकडं न बघता शालनकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता. लेडीजचं होतं असं."

"माझा पाय काय डाव्या चाकात असतो व्हय?" शालन म्हणाली.

त्यानं टाय सरळ केला. चकती बदलून देतो म्हणाला, दिली. ती पण झिजली.

मी गंमत म्हणून सांगत असले तरी त्या वेळी गंमत नव्हती. एका खेपेला धुकं होतं. असलं धुकं, की बोनेटवरचं लिंबूसुद्धा दिसत नव्हतं. वळण आलं ते आम्हाला रस्त्यावरनं कळलं नाही, गाडीनं मान वळवली तेव्हा कळलं. त्यात मागनं वाळूचा ट्रक, हॉर्न वाजवत. शालननं स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरलं होतं. आणि ती दातांत शब्द धरून पुटपुटत होती, "सोडा. सोडा म्हणते न्हवं. सोडा की."

मी लोखंडाला शिव्या घालणारी माणसं पुष्कळ बघितलीत. लोखंडाला अहो-जाहो करणारं कुणी बघितलं नव्हतं.

पुढं सपाटीला लागल्यावर मी विचारलं, "कुणाला म्हणत होतीस गं?"

"कुणाला न्हाई, आत्ती."

"सर्जा तुला कशाला खाली ढकलेल?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "खाली न्हाई ढकलत," ती म्हणाली. "नुसतं थांबवाय बघतात." मग मागच्या आरशात बघून, "पोरीला माझ्याशिवाय कोण हाय, आत्ती? एखाद्या दिवशी मागचा ट्रक थांबायचा न्हाई."

त्या आठवड्यात तिचा भाऊ यशवंत आला. माणूस वाईट नाही. बहिणीची काळजी होती त्याला. बाहेरच्या कट्ट्यावर बसून म्हणाला, "काकू, गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. पुढच्या बाजारानंतर येऊन घेऊन जाईल. ताईला आणि पोरीला मी नेतो. तिकडं शाळा चांगली हाय."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुम्ही पण चला की."

"माझं मांजर येणार न्हाई रे परगावी," मी म्हटलं. तो हसला. मी हसले. शालन आत भांडी लावत होती, ती एकामागून एक नीट लावत राहिली. भावाला नाही म्हणाली नाही. एकच म्हणाली, "एक खेप राहिलीय. कोबी तोडून ठेवलाय, तेवढा बाजार करून येते."

म्हणजे मला एक बाजार मिळाला. त्यानंतर घरात मी, मांजर आणि विहिरीतलं कासव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दस्तगीरकडं गेले. बराच वेळ त्याच्याशी बोलले. मग शालनला निरोप धाडला, गाडी घेऊन ये, तो शेवटचं एकदा उघडून बघतो म्हणतोय.

आली. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं. दस्तगीर आत हात घालून चाचपत राहिला, मान तिरकी, डोळे छताला. मग म्हणाला, "हा काय प्रकार?"

आणि त्यानं बाहेर काढला काळा दोरा. त्याला एक बिब्बा आणि वाळकी मिरची. "ब्रेकच्या रबरी पाइपाला आवळून बांधला होता की. वहिनी, बघा तुमचं भूत."

शालननं दोरा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"अहो, पाय दाबला की तेल जोरात जातं, ते दोऱ्यातनं पण जातं. पाय काढला की परत यायला जोर न्हाई. तिथंच अडकतं. मग चिमटा सुटत न्हाई, चकती खाल्ली जाती, गाडी डावीकडं ओढती."

"मग त्या वळणावरच का?"

"तिथवर उतरेपर्यंत ब्रेक तापलेला असतो. तापला की दाब वाढला." दस्तगीर माझ्याकडं न बघता म्हणाला.

"पण बांधला कुणी?"

"कमळाआत्या," मी म्हटलं. "पूजेच्या दिवशी चाकापाशी वाकली होती. मी म्हटलं लिंबू ठेवतेय."

कमळा माझी नणंद, सर्जाची आत्या. नजर लागण्याचं तिला वेड. शेजारच्या म्हशीला बिब्बा, नातवाच्या दप्तराला बिब्बा. जावयाच्या हेल्मेटमध्ये एकदा घातला होता, त्याच्या टाळूला फोड आले. तिनं गाडीच्या पोटात बिब्बा बांधला म्हटल्यावर कुणालाही पटावं.

शालननं दोऱ्यातली मिरची बोटानं हलवली. मग तिच्या तोंडातनं फुस्स झालं. मग ती हसायला लागली. हसता हसता गॅरेजातल्या टायरवर बसली. सर्जा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, "आत्यांचं काय करावं बाई आता. मी काय काय समजून बसले, आणि हा दोरा."

"काय समजून बसलीस?"

"जाऊ दे की."

दोरा तिनं स्वतः चुलीत घातला.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हौद्यात कोबी, मेथी, मुळा. धुकं होतंच. पण शालन बोलत होती. यशवंतकडच्या शाळेबद्दल, तिथं पाणी रोज येत नाही त्याबद्दल, पोरीला पोहायला शिकवायचं म्हणत होती. मी मधे मधे उत्तर द्यायचे. आम्ही घाटाला लागलो तशी मी गप्प झाले, कारण सर्जानं मला दम भरला होता एकदा: आई, गाडी वळताना ड्रायव्हरशी बोलायचं न्हाई, तुझ्या गप्पांपायी आपण तिघं एक दिवस दरीत जाऊ.

वळण आलं. गाडी डावीकडं वळली, हळू, आणि पन्हळीपाशी थांबली. पुढचं चाक अगदी जिथं सर्जा थांबवायचा त्या दगडाला लागून.

"थांबले मी, आत्ती," शालन म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "म्हटलं आता दोरा गेलाय. भ्यायचं कशाला. आज शेवटची खेप, पाणी तरी दाखवू गाडीला."

"दाखव की."

पण ती उतरली नाही. हात मांडीवर ठेवून पन्हळीकडं बघत बसली. पाण्याचा आवाज काचेतनं आत येत होता.

"आत्ती, त्यांनी पाणी मागितलं होतं."

मी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली.

"त्या दिवशी. अंगणातनं हाक मारली, शालन, पाणी दे गं. मी भाकरी थापत होते. हात पिठात. मी म्हटलं, रांजण काय गावाबाहेर हाय? घ्या की उठून. एक भाकरी तव्यावर होती, ती करपंल म्हणून उलटली. मग हात धुतले. मग पेला भरून नेला." ती थांबली. "टेकून बसले होते. मी पेला पुढं धरला. म्हटलं, घ्या, आलं महाराजांचं पाणी."

वरनं एक एसटी गेली. तिचा दिवा धुक्यात पिवळा झाला आणि गेला.

"कुणाला सांगितलं न्हाई मी. हितं थांबायचं म्हणजे मला ते पाणी दिसायचं. आणि गाडी हितंच ओढायची. मला वाटायचं, मागतायत. अजून मागतायत."

तिला मी काय सांगणार होते? घोटभर पाण्यानं तो वाचला नसता, हे डॉक्टर सांगू शकतात. सासूनं सांगितलं तर ते खोटं वाटतं, आईनं सांगितलं तर आणखी. मी जेवणाच्या पिशवीतनं पितळी पेला काढला आणि तिच्या हातात दिला.

"भर," मी म्हटलं. "तुझे हात आज मोकळे हायत."

उतरली. आधी चाकं धुतली. तीन भराभर धुतली, चौथं, डावं पुढचं, सावकाश, हातानं चोळून, जसं लहान पोराचे पाय धुवावेत. मग हौद्यातनं एक मुळा उपसला, धुतला. पेला काठोकाठ भरला आणि पन्हळीच्या बाजूच्या कातळावर ठेवला, शेजारी मुळा, पाल्यासकट. ओठ हलत होते तिचे. काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. मग ओंजळीनं स्वतः प्यायली, ड्रायव्हरनं प्यायचं असतं तसं.

बाजार चांगला झाला. कोबीला गिऱ्हाईक तुटून पडलं. डाव्या चाकातनं धूर आला नाही. चहावाला पापडाची वाट बघत होता, बिचारा.

परत वर चढताना दुपार टळली होती, धुकं निवळलं होतं. पन्हळ आली तशी शालननं न बोलता गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून पलीकडं गेली. मीही गेले.

पेला कातळावर पालथा घातलेला होता. मुळा नव्हता. पाला खुडून बाजूला नीट ठेवलेला.

"माकडं," मी म्हटलं. घाटात माकडं पुष्कळ आहेत.

"व्हय," शालन म्हणाली. "माकडंच असणार." आणि तिनं पेला उचलून पदरात पुसला.

गिऱ्हाईक आलं ते चहा पिऊन परत गेलं. यशवंत जरा रुसला, मग आमच्या पोरीला तोच पोहायला शिकवायला यायला लागला. गाडी पुढं बरीच वर्षं चालली. दर खेपेला शालन पन्हळीपाशी थांबायची. दस्तगीर अधूनमधून आमच्या अंगणात येऊन चाकं काढायचा, दोन्ही चकत्यांवर बोट फिरवायचा. दोन्ही सारख्या. प्रत्येक वेळी तो माझ्याकडं बघायचा आणि मी मांजराला हाका मारायचे.

आता एवढी शपथ घेतलीय, आणि या वयात जोतिबाशी वाकडं घेणं परवडत नाही, म्हणून सांगून टाकते. यात एक गोष्ट खोटी आहे. तुम्हाला वाटत असेल पापड. पापड खरा. पेल्याचं म्हणाल तर तोही जसा सांगितला तसाच होता, आमच्या फडताळात आहे, या आणि बघा.

दोरा खोटा.

बिब्बा माझ्या पिशवीतला, मिरची दस्तगीरच्या बायकोच्या डब्यातली. तो तयार नव्हता. म्हणाला, "मावशी, मी पाइप तीनदा बघितलाय, काय बी न्हाई त्याला. मला कळत न्हाई ते मी कळलं म्हणून कसं सांगू?" मी म्हटलं, तू सांगू नकोस, दोरा सांगेल. बिचाऱ्या कमळाला मरेपर्यंत सगळ्यांनी चिडवलं, आणि गंमत म्हणजे शेवटी शेवटी तिलाही आठवायला लागलं, की व्हय, मीच बांधला होता. शालनला अजून माहीत नाही. सांगाल तर बघा.

आणि पाइपाला दोरा कधी नव्हताच, म्हणून त्या बाजाराच्या सकाळचं एवढंच सांगते. वळण आलं तेव्हा मी शालनच्या शेजारी बसले होते. तिचा उजवा हात काचेवरचं धुकं पुसत होता. डावा गिअरवर होता. स्टेअरिंग फिरलं, हळू, पुरतं, सर्जा फिरवायचा तसं, आणि गाडी पन्हळीपाशी जाऊन दगडाला लागली. शालनला वाटलं, आपण वळवली. मी बोलले नाही. गाडी वळताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही, असा माझ्या लेकाचा दम होता.